पोटात कोळलेली चिंच

आमच्या घरात भूक आणि भीती या दोन्हींसाठी एकच वाक्य होते. "पोटांत चिंच कोळतें." एवढे म्हटले की उरलेले ऐकणाऱ्याने समजून घ्यायचे. काटकसरीचे घर होते. एका वाक्यात भागत असताना दुसरे कोण ठेवणार?

हे वाक्य मुळात आमचे नव्हते. कुंभकोणममध्ये आमच्या घराचा उंबरा ओलांडला की सगळीकडे तमिळ, आणि तमिळ माणसाला धास्ती बसली की तो म्हणतो, पोटात कोणीतरी चिंच कोळते आहे. आमचे पूर्वज मराठ्यांच्या राज्यात तंजावरकडे आले, कपडे शिवून राहिले आणि राज्य बुडाले तरी परत जायचे विसरले. शेजाऱ्यांकडून त्यांनी बरेच काही उचलले, त्यात हे वाक्यही. पण उचलताना ते नीट पाहिले नसावे. उपाशी पोटातही तसेच आंबट आणि ढवळल्यासारखे होते, म्हणून त्यांनी ते भुकेलाही लावून टाकले. शेजारी घाबरले म्हणजे असे म्हणत. आम्ही भात शिजायला उशीर झाला तरी म्हणायचो.

मग ऐकणाऱ्याला कसे कळायचे? घड्याळावरून. जेवणाआधी म्हटले तर भूक, जेवणानंतर म्हटले तर भीती. परीक्षेच्या दिवशी म्हटले तर, घड्याळात काहीही वाजलेले असो, भीतीच. या निदानाला कोणाची हरकत नव्हती. माझीही नव्हती, हे मी आधीच कबूल करतो.

आता मी महाराष्ट्रात एका शाळेत जीवशास्त्र शिकवतो. इथे आल्यावर पहिल्यांदा कळले की भुकेसाठी पोटात कावळे ओरडतात आणि भीतीसाठी गोळा येतो. म्हणजे कावळे वेगळे, गोळा वेगळा, असा स्वच्छ बंदोबस्त आहे. इथले सहकारी माझे मराठी ऐकून हसतात, तुमची भाषा दप्तरखान्यातून आल्यासारखी वाटते म्हणतात. त्यांना कावळा आणि गोळा लहानपणीच मिळाले. मला ते मिळाले असते तर पदवी मिळवायला तीन खेपा लागल्या नसत्या, असे मला वाटते. हे खरे आहे की नाही ते वाचणाऱ्याने ठरवावे. घरातले बोलणे पुढे लिहिताना थोडे सोपे केले आहे.

परीक्षेच्या दिवशी उपाशी जाण्याचा नियम मी तिसरीत असताना लागू झाला. नियम करणारी होती अत्ते, माझ्या वडिलांची थोरली बहीण. ती आमच्याकडेच राहायची. शाळेत ती कधी गेली नव्हती, पण पंचांग तिला असे वाचता यायचे की भटजीसुद्धा तिथी सांगण्याआधी तिच्याकडे एकदा बघून घेत. त्या वर्षी गणिताच्या परीक्षेला मी भरपूर दहीभात खाऊन गेलो आणि कागदावर डोके ठेवून झोपलो. मास्तरांनी उठवले तेव्हा भागाकार अर्धा राहिला होता आणि शाई माझ्या गालावर आली होती.

"पोट भरलें कीं बुद्धि झोंपते," अत्ते म्हणाली.

एका मुलावर, एका सकाळी, एका दहीभाताने केलेला हा प्रयोग. त्याच्यावर पुढची बारा-तेरा वर्षे चालली. तेव्हापासून परीक्षेच्या दिवशी पोटात फक्त एक पेला कॉफी. कॉफीने उपास मोडत नाही का, असे कोणाला वाटेल. पण आमच्या गावात कॉफीला अन्न मानत नाहीत. पेयही मानत नाहीत. तो एक आचार आहे.

शाळेतल्या परीक्षा लेखी होत्या आणि सकाळच्या होत्या. अक्षर किड्यामुंग्यांसारखे यायचे, पण कागद गप्प असतो. तो आपल्याकडे बघत नाही. मी पास होत गेलो, आणि प्रत्येक पास होण्याने अत्तेचा नियम अधिक पक्का होत गेला.

ऐंशीच्या दशकात मी कॉलेजात गेलो. वडील पाचवीपर्यंत शिकलेले, अम्मा दुसरीपर्यंत. आमच्या घरातून कावेरीवरचा पूल ओलांडून कॉलेजात जाणारा मी पहिला. प्राणिशास्त्र मी निवडले असे सांगायला आवडेल, पण प्रवेशाच्या रांगेत माझ्यापर्यंत येईतो तेच उरले होते. तरी मला ते आवडू लागले. घरी कोणालाच माहीत नसलेल्या गोष्टी मला माहीत होत होत्या, आणि कोणीच तपासू शकत नसल्यामुळे जेवताना मी त्या मोठ्या आत्मविश्वासाने सांगायचो.

शेवटच्या वर्षी प्रात्यक्षिक परीक्षा होती. त्यात उंदीर कापून दाखवायचा आणि मग बाहेरगावच्या परीक्षकासमोर उभे राहून तोंडी उत्तरे द्यायची. माझे नाव हजेरीत सगळ्यात शेवटी होते, म्हणून गट दुपारचा आणि त्यातही पाळी शेवटची. पहाटे कॉफी घेऊन निघालेला मी परीक्षकासमोर पोचलो तेव्हा चार वाजून गेले होते. आदल्या रात्रीनंतर पोटात अन्न नव्हते. मेणाच्या ट्रेत उंदीर, नाकात फॉर्मालिन आणि समोर चष्मा पुसत बसलेले परीक्षक.

"बोला," ते इंग्रजीत म्हणाले. "जनावराला भूक लागली आहे हे त्याच्या शरीरात कोण ठरवते?"

उत्तर होते हायपोथॅलॅमस, म्हणजे मेंदूच्या तळाशी असलेला छोटासा भाग. माझ्या वहीत त्याच्याखाली लाल शाईने दोन रेघा होत्या. माझा स्वतःचा हायपोथॅलॅमस त्या घटकेला जिवाच्या आकांताने आपले नाव सांगत असणार. ते परीक्षकांना ऐकू गेले नाही, आणि मलाही नाही. कपाळाला घाम होता. डोळ्यांपुढे ट्रे जवळ येत होता आणि लांब जात होता.

"घाबरलात का?" त्यांनी विचारले. या वेळी तमिळमध्ये, जरा मायेने.

"होय सर," मी म्हणालो.

मी खोटे बोललो नाही. पोटात चिंच कोळली जात होती, परीक्षेचा दिवस होता, आणि आमच्या घराच्या नियमाप्रमाणे त्याचा अर्थ एकच होता. मी नापास झालो. उपाशी माणसाला भूक कुठे असते ते सांगता आले नाही, या गोष्टीतली गंमत तेव्हा कोणाच्या लक्षात आली नाही.

घराच्या पुढच्या खोलीत वडिलांचे शिवणकामाचे दुकान होते. तिथे त्यांची एक मशीन होती. निकालानंतरच्या आठवड्यात तिच्या शेजारी दुसरी आली, जुनी पण चांगली. वडिलांनी गणवेशाच्या उरलेल्या निळ्या कापडाचे तिला झाकण शिवले.

"ही कोणास?" मी विचारले.

"असूं दे," ते म्हणाले. "तिला काय खायला लागतें?"

ते खरेच होते. तिला काही लागत नव्हते. दर शनिवारी ते तिला तेल मात्र घालायचे. माझ्यावर त्यांचा विश्वास होताच, पण मशीनवर जरा जास्त होता.

पुढची परीक्षा सहा महिन्यांनी होती. तोपर्यंत माझी भीती घालवायची असे ठरले. भीतीवर उपचार करायला आमच्या गावात माणसांची वानवा नाही. कॉलेजातले प्राध्यापक म्हणाले, नर्व्हस होऊ नका, परीक्षकाच्या डोळ्यांत बघू नका, कपाळाकडे बघा. वैद्यांनी नाडी पाहिली, वात चढला आहे म्हणाले आणि काळसर चूर्ण दिले. ते पहाटे अनशापोटी घ्यायचे आणि नंतर दोन तास काही खायचे नाही. अत्तेने मला बसने पट्टीश्वरम्‌ला नेले. तिथल्या दुर्गेला भय घालवण्याची मोठी ख्याती आहे. माझ्या मनगटाला लाल दोरा बांधला आणि मंगळवारचा उपास लावला. एकादशी आमच्याकडे होतीच. शनिवारही घेऊन टाकू, असे तिचे मत पडले.

थोडक्यात, जो येईल तो माझ्या ताटातले एक जेवण काढून घेऊन जायचा आणि म्हणायचा, आता धीर येईल.

धीर येत नव्हता. मी चिडका झालो. दारात कोणी ग्राहक मोठ्याने बोलला तरी दचकायचो. मंगळवारी आणि शनिवारी संध्याकाळी मला वाटायचे की आपले काहीच होणार नाही, बुधवारी आणि रविवारी जेवणानंतर वाटायचे की कदाचित होईल. एखाद्या प्राणिशास्त्राच्या विद्यार्थ्याने हे सहा महिने वहीत टिपून ठेवले असते तर त्याला काहीतरी सापडले असते. मी प्राणिशास्त्राचाच विद्यार्थी होतो. मी चूर्ण घेत होतो.

एकदा मी अम्माला म्हणालो, "पोटांत चिंच कोळतें, अम्मा."

तिने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिले, मग माझ्याकडे. मंगळवार होता. ती काहीतरी म्हणणार होती, पण ओसरीवरून अत्तेचा आवाज आला, "भय निघून जातें आहे, म्हणून तसें होतें." अम्मा पुन्हा विळीवर बसली. आमच्या घरात अम्मा सहसा तिसऱ्या-चौथ्या क्रमांकावर बोलायची, आणि तिची पाळी येईपर्यंत विषय बहुधा संपलेला असायचा.

दुसऱ्या खेपेचे परीक्षक वयस्कर होते आणि त्यांच्या कपाळावर ठसठशीत वैष्णवी नाम होते. प्राध्यापकांनी सांगितल्याप्रमाणे मी कपाळाकडे बघत राहिलो. नाम बघता बघता मला पेरुमाळाच्या, म्हणजे विष्णूच्या, देवळातला सकाळचा पोंगल आठवला. डाळ-तांदळाचा, तूप सुटलेला, वर काजू, केळीच्या पानाच्या तुकड्यावर. माझ्या डोळ्यांत पाणी आले.

"रडताय कशाला?" परीक्षक गडबडून म्हणाले. "मी अजून काही विचारलेच नाही."

त्यांनी मग विचारले, पण सोपे विचारले आणि तेही मला सांगता आले नाही. जाताना ते म्हणाले, घरी जा, विश्रांती घ्या. जेवा, असे कोणी म्हणाले नाही. तो शब्द तेव्हा वैद्यकशास्त्रात नसावा.

आता तिसरी खेप. वडिलांनी पहिल्यांदा सरळ सांगितले. हातात कात्री होती, पण कापड कापत नव्हते.

"ह्या वेळीं झालें तर झालें," ते म्हणाले. "नाहीं तर जूनांत गणवेशाचें काम येतें. तुज मशीनवर बसावें लागेल. मी एकटा किती करूं?"

"होय अप्पा."

"मी रागानें नाहीं म्हणत."

"मज ठाऊक आहे."

त्यांचे बरोबर होते. शिवणकामात वाईट काही नाही. पण मला त्या निळ्या झाकणाची स्वप्ने पडायची. स्वप्नात मी झाकण काढायचो आणि खाली ट्रे असायचा.

परीक्षेची तारीख आली आणि अत्तेने पंचांग उघडले. ती इतकी आनंदलेली मी क्वचित पाहिली होती. त्या दिवशी एकादशी होती. परीक्षेचा उपास आणि एकादशीचा उपास एकाच दिवशी, एकावर एक. "ह्याहून काय पाहिजे," ती म्हणाली. या वेळी कॉफीसुद्धा नको असे ठरले. मी काही न घेता पूल ओलांडला आणि कॉलेजात जाऊन प्रयोगशाळेच्या पायऱ्यांवर बसलो. दोन वाजता प्रयोगशाळेच्या शिपायाने दारावर कागद चिकटवला. परीक्षकांची गाडी चुकली होती. परीक्षा उद्या, त्याच वेळी.

मुले शिव्या देत चहाला गेली. मी घरी आलो.

"उद्यां," मी ओसरीवर बसत म्हणालो.

अत्तेने पंचांग उघडून त्यावर बोट फिरवले. मग हळूच म्हणाली, "उद्यां द्वादशी."

तेव्हा माझ्या लक्षात आले नाही, पण घरावर मोठे धर्मसंकट आले होते. एकादशीला निराहार राहणे हे अर्धे व्रत. द्वादशीला सकाळी वेळेवर जेवून पारणे करणे हे उरलेले अर्धे. ते चुकले तर एकादशीही फुकट जाते. आणि त्या द्वादशीला तिथी सकाळीच संपत होती, म्हणजे सूर्य उगवल्याबरोबर जेवायला हवे. एका बाजूला अत्तेचा नियम, की परीक्षेच्या दिवशी अन्न नाही. दुसऱ्या बाजूला अत्तेचेच पंचांग, की अन्न घेतलेच पाहिजे. आजवर तिच्याशी कोणी वाद घातला नव्हता. आता तिला तो स्वतःशीच घालावा लागत होता.

पहाटे मी अंघोळ करून आलो तेव्हा तो वाद संपला होता आणि निकाल तयार होता.

"तुळशीतीर्थ घे," अत्ते पळी पुढे करत म्हणाली. "तीर्थानें पारणें होतें. शास्त्र आहे. मग तसाच जा."

मी हात पुढे केला. माझा हात थरथरत होता.

"पाहा, किती भितो आहे," अत्ते म्हणाली.

तेव्हा स्वयंपाकघराच्या दारातून अम्मा बोलली. तिची पाळी आली होती की तिने ती घेतली, मला सांगता येत नाही.

"अक्का, कालपासून तो काय भितो आहे, कीं भुकेला आहे?"

"परीक्षा आहे. भुकेला कशाला असेल?"

"मज कळत नाहीं. म्हणून म्हणतें, जेवूं घालून पाहूं. भूक असेल तर जेवल्यावर जाईल. भय असेल तर राहील. राहिलें तें भय."

पुढच्या खोलीतला वडिलांच्या मशीनचा आवाज थांबला. मला प्रामाणिकपणे सांगायचे तर मी लाजलो. तीन वर्षे मी उंदीर, बेडूक आणि झुरळे कापत होतो. दोन गोष्टी एकत्र असतील तर एक काढून दुसरी उरते का ते पाहावे, हे माझ्या पुस्तकाच्या पहिल्या धड्यात लिहिले होते. दुसरीपर्यंत शिकलेल्या बाईने ते स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून काढले.

"आणि झोंपला तर?" अत्तेने शेवटचा डाव टाकला. "तिसरींत झोंपला होता."

"तिसरींत त्यानें तीन वेळां भात घेतला होता," अम्मा म्हणाली. "मीच वाढला होता."

वडील पुढच्या खोलीतून म्हणाले, "तिथि संपते आहे, अक्का."

त्या एका वाक्याने काम झाले. तिथीपुढे अत्तेचे काही चालत नसे. केळीचे पान आले. अगत्ती, म्हणजे इथे ज्याला हादगा म्हणतात त्याच्या पाल्याची मुगाची डाळ घालून भाजी, आवळ्याची पचडी, सार, भात आणि शेवटी दही. पहिल्या चार घासांची मला आठवण नाही. पाचव्याला माझ्या ध्यानात आले की अगत्ती कडू आहे. म्हणजे जीभ परत आली होती. दहीभातापर्यंत हाताचे थरथरणे थांबले होते.

"काय रे," अम्माने विचारले, "कोळतें कां अझून?"

मी आत नीट लक्ष देऊन पाहिले. "थोडें."

"तें भय," ती म्हणाली. "तेवढें असूं दे. तेवढें सगळ्यांस असतें."

पण पाळी चार वाजता होती, आणि सकाळी सातचे जेवण चारपर्यंत पुरणार नव्हते. अम्माने उरलेला दहीभात केळीच्या पानात बांधला. अत्तेने पाहिले.

"हें कशास?"

"पारण्याचें उरलें. टाकूं?"

पारण्याचे अन्न टाकणे हे पाप आहे की नाही, मला ठाऊक नाही. अत्तेलाही नक्की ठाऊक नसावे, कारण तिने पंचांगाकडे पाहिले आणि पंचांगात ते नव्हते. ती म्हणाली, "टाकूं नको." पुडके माझ्या पिशवीत गेले.

दुपारी एक वाजता मी कॉलेजच्या मागे कडुलिंबाखाली बसून ते खाल्ले. झोप येईल म्हणून मी घाबरत होतो. आली नाही. समोर नदीत म्हशी डुंबत होत्या आणि मला पहिल्यांदाच परीक्षेच्या दिवशी म्हशी दिसल्या. एरवी मला फक्त पूल दिसायचा.

चार वाजता तिसरे परीक्षक. तरुण, घाईत, कालची गाडी चुकल्यामुळे चिडलेले. त्यांनी चिमट्याने माझ्या उंदराचे जठर उचलले.

"हे रिकामे आहे," ते म्हणाले. "याला भूक लागली आहे हे याच्या डोक्याला कसे कळते?"

पुन्हा तोच प्रश्न. देव आहे की नाही माहीत नाही, पण विद्यापीठाच्या प्रश्नांची यादी फार छोटी आहे एवढे खरे. माझ्या पोटात चिंच होती. सकाळी उरली होती तेवढीच, एखाद्या चिंचोक्याएवढी. आयुष्यात पहिल्यांदा मी निव्वळ भीती पाहत होतो, भुकेची भेसळ नसलेली. ती इतकी थोडी होती की मला तिची लाज वाटली. एवढ्याशा गोष्टीसाठी पट्टीश्वरम्‌च्या देवीला त्रास दिला होता.

मी सांगितले. जठर आकसते, रक्तातली साखर उतरते, मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस नावाचा भाग आहे, त्याला ते कळते. एका नसेचे नाव चुकलो. ते म्हणाले, "पुन्हा विचार करा." मी केला, आणि पुन्हा चुकलो. पण उभा होतो. ट्रे जागच्या जागी होता.

"ठीक आहे," ते म्हणाले. "नाव काय म्हणालात त्या भागाचे?"

"हायपोथॅलॅमस, सर."

"इतक्या मोठ्याने नको."

मी पास झालो. काठावर, पण काठही जमीनच असते.

श्रेय कोणाचे, हे घरात आणि कॉलेजात लगेच ठरले. प्राध्यापक म्हणाले, बघा, कपाळाकडे बघितले की होते. वैद्य म्हणाले, चूर्णाला तेवढा वेळ लागतोच. अत्तेने पट्टीश्वरम्‌ला तुपाचा दिवा लावला. अगत्तीचे नाव कोणी काढले नाही. वडिलांनी शनिवारी दुसऱ्या मशीनला तेल घातले, मग अम्माला म्हणाले, "तूं बसतेस कां? जूनचें काम एकट्यास होत नाहीं." अम्मा बसली. ती माझ्यापेक्षा चांगले शिवते हे सर्वांना दोन दिवसांत कळले. मी नापास होण्यासाठी आणलेली मशीन अशी योग्य माणसाच्या हाती पडली. निळ्या झाकणाची पिशवी करून तिने मला दिली.

अत्ते मात्र विचार करणारी बाई होती. यशाचे कारण तिने पंचांगात शोधले आणि तिला ते सापडले. परीक्षा द्वादशीला झाली, म्हणून मी पास झालो. पुढे मी शिक्षक होण्यासाठीचा कोर्स घेतला तेव्हा तिने तारखा पाहिल्या. एकही द्वादशी नव्हती. पण ती हरली नाही. प्रत्येक परीक्षेच्या आदल्या दिवशी मी एकादशीसारखा उपास करावा, म्हणजे परीक्षेचा दिवस आपोआप द्वादशी होईल आणि सकाळी पारणे करून जाता येईल, असा तिने तोडगा काढला. अशा रीतीने माझे जेवण एका दिवसाने मागे सरकले, आणि परीक्षेच्या दिवशी मला पोटभर भात मिळू लागला. शास्त्र चुकीचे, निकाल बरोबर. आदल्या दिवशीचे म्हणाल तर अत्ते दुपारी झोपायची आणि स्वयंपाकघराचे दार लोटलेले असायचे. तेव्हा तिथे काय व्हायचे ते मी लिहीत नाही. ती आता नाही, पण कुठूनतरी वाचेल.

बऱ्याच वर्षांनी मी वाचले की रिकाम्या जठरातून एक द्रव्य निघते, रक्तातून मेंदूत जाते आणि भूक जागी करते. त्याला घ्रेलिन म्हणतात. माझ्या परीक्षेच्या वेळी ते कोणाला सापडलेले नव्हते, नाहीतर परीक्षकांनी तेही विचारले असते. पुढे असेही वाचले की मेंदूत भीती जिथे उठते त्या भागाशीही त्याचे काहीतरी देणेघेणे आहे. सुट्टीत मी गावी गेलो तेव्हा हे अम्माला सांगितले. ती त्याच मशीनवर गणवेशाची बाही जोडत होती.

"तें वर जाऊन काय करतें?" तिने विचारले.

"भूक लावतें. आणि भयाचेंही कांहीं करतें."

"काय करतें? वाढवतें?"

"कधीं वाढवतें म्हणतात. कधीं कमी करतें म्हणतात. त्यांचें अझून नक्की नाहीं झालें."

तिने दोरा दाताने तोडला, बाही उलटी करून शिवण तपासली.

"म्हणजे त्यांसही कळत नाहीं, भूक कीं भय."

"पुरतें नाहीं."

"जेवूं घालून पाहिलें कां त्यांनीं?" ती म्हणाली आणि दुसरी बाही उचलली.